सरळ काठी, वाकडा हात

‘हात’ हा विषय संपादकांनी कळवला तेव्हा सोलापुरातून त्यांना काय हवं असणार ते उघड होतं. मागावरचा हात, नाहीतर विड्या वळणारा हात. त्या दोन्हींवर अधिकारानं लिहिणारी माणसं या गावात आहेत. मला लिहायचंय तो हात विजापूर रोडवरच्या एका पूल पार्लरमध्ये, संध्याकाळी दुकानं आवरल्यावर भेटतो.

जिना चढून वर गेलं की लांबट खोली. दोन आठ फुटी पूल टेबलं, एक बारा फुटी स्नूकरचं. भिंतीशी क्यू उभे केलेले. त्यातले निम्मे टेबलावर लोळवले तर डुगडुगतात, म्हणून नेहमीचा गडी आल्या आल्या आधी आपला ठरलेला क्यू ताब्यात घेतो. फळ्यावर खडूनं लिहिलेला नियम एकच : हरणाऱ्यानं टेबलाचे पैसे भरायचे. बाकीचे नियम तोंडी, आणि ते मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषांत भांडून ठरतात.

मी गेलो तेव्हा पहिल्या टेबलाशी कॉलेजातला एक मुलगा खेळत होता, समोर पंचेचाळिशीचे एक गृहस्थ. त्यांना तिथं सगळे अण्णा म्हणतात. मुलाचा स्ट्रोक बघत राहावा असा. हनुवटी क्यूला टेकलेली, कोपर खांद्याच्या रेषेत, हात मागे जातो, क्षणभर थांबतो, तसाच पुढे येतो. यूट्यूबवर शिकलेला हात लगेच कळतो. अण्णा मात्र जेमतेम वाकतात. क्यू मागे नेताना त्याचं टोक कापडाकडे झुकतं, मग वळसा घेऊन वर येतं, आणि ऐन वेळी मागचा हात बरगडीपासून जरा बाहेर सरकतो. आता हे पांढऱ्याला चुकवणार, असं बघणाऱ्याला वाटतं. तेवढ्यात सात नंबरचा बॉल पतला कातरला जाऊन पॉकेटात पडलेला असतो आणि पांढरा दोन कुशन घेऊन पुढच्या बॉलच्या मागे, हवा तिथं, थांबलेला असतो.

मुलगा हरला. पैसे भरून आला आणि माझ्या शेजारी बसत म्हणाला, ‘‘अण्णांचा स्ट्रोक चुकीचाच हाय की. पण बॉल कसा जातोय तेच कळंना.’’

अण्णांनी ऐकलं. चॉक लावता लावता म्हणाले, ‘‘माझा हात कशाला बघालास बे? पांढरा बघ.’’

### बॉलला काय कळतं

क्यूच्या टोकाला चामड्याची टिप असते. ही टिप आणि बॉल यांची भेट साधारण एक सहस्रांश सेकंद टिकते. हातानं ‘अरेरे’ म्हणेपर्यंत बॉल निघून गेलेला असतो. म्हणजे टिप लागल्यानंतर खेळाडू जे काही करतो, मान वर काढतो, क्यू हवेत नाचवतो, त्यातलं बॉलला काहीच कळत नाही. त्याला कळतात त्या गोष्टी मोजक्या : टिप कुठं लागली, क्यूची दिशा कोणती होती, वेग किती होता. कोपर कुठं होता याची चौकशी बॉल करत नाही.

मग शैली इतक्या वेगळ्या का? कारण तो एक क्षण अचूक साधायला हाताला खांदा, कोपर, मनगट आणि बोटं एवढी सांधेजोड सांभाळावी लागते. कोण कुठला सांधा बांधून ठेवतो आणि कुठला मोकळा सोडतो, त्यावर शैली ठरते.

सगळ्यात सोपी पद्धत लंबकाची. कोपर जागेवर ठेवायचा, त्याखालचा हात लोंबता ठेवून झुलवायचा. यात सांधा एकच हलतो, त्यामुळे चूकही एकाच ठिकाणी शोधावी लागते. अडचण अशी, की लंबकाला जोडलेल्या क्यूचं टोक सरळ रेषेत जात नाही, ते किंचित वरखाली होतं. दुसरी पद्धत क्यू शक्य तितका आडवा राखण्याची. त्यासाठी पुढे जाताना कोपर हळूच खाली सोडावा लागतो. क्यू लांबवर सपाट जातो, पण आता दोन सांधे हलतात आणि त्यांचा मेळ रोज जमेलच असं नाही.

या मेळाची किंमत किती ते मोजता येतं. पांढरा बॉल एक अंशानं चुकीच्या दिशेला निघाला, तर मीटरभर गेल्यावर तो साडेसतरा मिलिमीटर बाजूला असतो. पूलच्या बॉलचा व्यास ५७ मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा बॉल हुकला. नुसत्या एका अंशात.

### टेबल हात घडवतं

स्नूकरचं टेबल बारा फूट बाय सहा फूट, बॉल साडेबावन्न मिलिमीटरचे आणि पॉकेटाच्या कडा आतल्या बाजूला गोलाई दिलेल्या. बॉल कडेला जरा घासला तरी बाहेर फेकला जातो. नऊ फुटी पूल टेबलाचं कोपऱ्यातलं पॉकेट स्पर्धेच्या मापानं साडेचार इंचांच्या आसपास, आणि बॉल सव्वादोन इंची. दोन बॉल शेजारी शेजारी जेमतेम मावतील एवढी ती जागा. त्यामुळे स्नूकरमध्ये खेळाडूची निम्मी शक्ती बॉल टाकण्यात जाते. पूलमध्ये बॉल टाकणं त्या मानानं सोपं, पण टेबल लहान, बॉलांची गर्दी जास्त, आणि नाइन बॉलसारख्या खेळात नंबराच्या क्रमानंच बॉलला भिडावं लागतं. तिथं खरा कस पांढऱ्याला पुढच्या जागेवर नेण्यात लागतो.

म्हणून स्नूकरवाला स्वतःला जखडून घेतो. हनुवटी क्यूवर, क्यू छातीला घासता, पुढच्या हाताचा पंजा कापडावर उघडा आणि अंगठ्याच्या खाचेतून जाणारा क्यू. हलायची मुभा फक्त मागच्या हाताला. जो डेव्हिस १९२७ ते १९४६ या काळात पंधरा वेळा जागतिक स्नूकर विजेता झाला. त्याची उजव्या डोळ्याची नजर अधू होती, म्हणून तो क्यू डाव्या डोळ्याखाली धरायचा. पुढे लोकांनी हनुवटीच्या मधोमध क्यू धरण्याचं शास्त्र केलं. त्या शास्त्रात हा पंधरा वेळचा विजेता बसत नाही.

पूलवाला मात्र तर्जनीचं वेटोळं करून क्यू त्यातून फिरवतो, अंग मोकळं ठेवतो, मनगटाला काम देतो. या मोकळेपणाचा कळस फिलिपिन्समध्ये झाला. एफ्रेन रेयेस हा १९५४ साली जन्मलेला खेळाडू मनिलात मामाकाकांच्या पूल हॉलमध्ये वाढला. टेबलाला उंची पुरत नसे म्हणून शीतपेयाच्या खोक्यांवर उभा राहून खेळायचा. १९८५ मध्ये तो अमेरिकेत ह्यूस्टनला सीझर मोरालेस असं खोटं नाव सांगून उतरला आणि तिथल्या नामवंतांना हरवून गेला. १९९९ मध्ये कार्डिफला नाइन बॉलचा जगज्जेता झाला. त्याचा क्यू सैलसर, झुलता, लांबून येणारा. त्याचाच देशबंधू फ्रान्सिस्को बुस्तामांते तर मारण्यापूर्वी टिप पार कापडाशी नेतो आणि तिथून वळसा घालत बॉलच्या मध्यावर येतो. पुस्तकातल्या हिशेबानं हा अपघातच, पण या अपघातानं त्याला २०१० ची जागतिक स्पर्धा जिंकून दिली. अमेरिकेचा कीथ मॅकक्रेडी आणखी पुढचा. त्याचा कोपर अंगापासून बाजूला इतका फाकलेला असतो की बघणारा अवघडतो. ‘द कलर ऑफ मनी’ या १९८६ च्या चित्रपटात तो आहे. त्याचा हात बघायचा तर तिथं बघा.

या दोन घराण्यांची गाठ पडते तेव्हा मौज येते. इंग्लंडची ॲलिसन फिशर स्नूकरची सात वेळची महिला जगज्जेती होती. १९९५ साली ती अमेरिकेत पूल खेळायला गेली. हनुवटीखालचा क्यू, जखडलेलं अंग, सगळं तिनं सोबत नेलं. मोठ्या पॉकेटांच्या टेबलावर हा एवढा काटेकोरपणा वाया जाईल असं कुणी म्हणालं असेल तर ते चूक ठरलं. नाइन बॉलची जागतिक विजेतेपदं तिनं चार वेळा घेतली.

सरळ हातानं जिंकता येतं आणि वाकड्यानंही, एवढ्यावर विषय सोडून देणं सोपं आहे. मला ते पटलं नाही. अण्णांचा हात वाकडा का, याला काही कारण असणारच.

### कूलर आणि कापड

पहिलं कारण पायाखाली, म्हणजे बॉलाखाली सापडलं. पार्लरच्या मालकाला मी विचारलं, उन्हाळ्यात इथं एवढा उकाडा असताना कूलर टेबलापासून इतका लांब, दाराशी का ठेवलाय? ते म्हणाले, ‘‘कूलर जवळ आणला की टेबल जड होतंय. गिऱ्हाईक घामानं गेलं तरी चालंल, कापड ओलं नको.’’

सोलापूरचा मे महिना चव्वेचाळीस अंशांचा आणि कोरडा. कोरड्या हवेत कापडावरचा बॉल लांब पळतो. कूलरची ओली हवा लागली की कापड दमट होतं, बॉल लवकर दम टाकतो. पावसाळ्यात तेच. त्यामुळे इथल्या खेळाडूला एकाच वर्षात दोन-तीन वेगवेगळ्या टेबलांवर खेळल्यासारखं होतं.

कापड म्हटलं की सोलापूरकराचा हात आपसूक पुढे जातो. या पार्लरची टेबलं मढवणारा माणूस मूळचा पूर्व भागातला यंत्रमागाचा फिटर. स्नूकरच्या कापडाला लव असते, ती एका दिशेला बसवलेली असते, आणि घासणी त्याच दिशेनं फिरवायची, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. पूलचं चांगलं कापड विंचरलेल्या लोकरीच्या पिळदार सुताचं, त्याला लव नसते, म्हणून ते झपझप पळतं. टेबलाखाली स्लेटचे जाड दगडी तुकडे एकमेकांना जोडलेले असतात. सांधे भरून घासून एकसारखे करायचे आणि वर कापड ताणायचं. तो मला म्हणाला, गंमत सगळी ताणात आहे. ताण जास्त तर टेबल तेज, ताण कमी तर सुस्त, आणि एका कोपऱ्यात कमी-जास्त झाला तर बॉल तिथं गेल्यावर वाकडी वाट धरतो. ताण बघताना तो मापपट्टी लावत नाही, तळवा फिरवतो.

आता या जुन्या, वापरून सुस्त झालेल्या कापडावर पांढऱ्याला दोन कुशन फिरवून आणायचं असेल तर जोर लागणार. जखडलेल्या अंगानं जोर काढायला गेलं की नेम हलतो. मग हात लांबून, सैल, मनगटाची फेक देत येतो. फिलिपिनो खेळाडूंच्या लांब झुलत्या स्ट्रोकचं कारण जाणकार हेच देतात : दमट हवा, जड कापडं. मोठ्या स्पर्धांत आज नवं तेज कापड असतं. त्यावर वाढलेल्या पिढीचा हात बघा. जर्मनीचा जोशुआ फिलर, २०१८ चा नाइन बॉल जगज्जेता, वाकला की मारलाच, झुलवत बसत नाही. विजापूर रोडवर मात्र ज्याला दोन कुशन हवेत त्यानं हात झुलवायलाच हवा.

### पुण्या-मुंबईचा धागा

या खेळांशी आपलं नातं उसनं नाही. स्नूकर जन्मालाच आला जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, १८७५ च्या सुमारास. भारताला वैयक्तिक खेळातलं पहिलं जागतिक विजेतेपद ज्यानं मिळवून दिलं तो विल्सन जोन्स पुण्यात १९२२ साली जन्मलेला. १९५८ मध्ये कलकत्त्याला आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडला तो बिलियर्ड्सचा हौशी जगज्जेता झाला. त्याच्यानंतर मुंबईचा मायकेल फरेरा, १९७७, १९८१ आणि १९८३ चा जगज्जेता. एका खेपेला हजारावर गुण करणारा पहिला हौशी खेळाडू तोच, १९७८ साली ११४९. आणि आजचा पंकज अडवाणी, जन्म पुण्याचा, १९८५ चा, वाढला बंगळूरला, अरविंद सावूर यांच्या हाताखाली.

बिलियर्ड्सचा हात तिसऱ्याच जातीचा. तीनच बॉल, त्यांना टेबलाच्या एका टोकाशी गोळा करून हलके हलके टकवत राहायचं. हजार गुणांची खेळी जोरावर होत नसते. तिथं मागचा हात वीतभरही मागे जात नाही, बोटांची पकड सैल, सगळा कारभार स्पर्शाचा. अडवाणीचं मोठेपण मला इथं दिसतं. २०२४ पर्यंतची त्याची अठ्ठावीस जागतिक विजेतेपदं बिलियर्ड्स आणि स्नूकर दोन्हींतली आहेत. त्याच टेबलावर, पण आज वीतभर हात आणि उद्या हातभर. एका वेळी दोन हात बाळगणारा माणूस विरळा.

सोलापूरच्या पार्लरपर्यंत हे सगळं पोचलं ते मात्र पुस्तकांतून नव्हे, मार्करांकडून. जुन्या क्लबांत बिलियर्ड्सच्या खोलीत एक मार्कर असे. गुण सांगायचे, बॉल जागेवर लावायचे, टिप बदलायची, आणि साहेबाला जोडीदार नसेल तर त्याच्याशी खेळायचं. ओशाळून नव्हे, पण बेतानं हरायचं. असे एक निवृत्त मार्कर मला भेटले. वयामुळे कंबर वाकत नाही, म्हणून खुर्चीत बसून त्यांनी टेबलाच्या कडेला फक्त मनगट हलवून दाखवलं. ते म्हणाले, ‘‘क्लबात मेंबरचा हात कधी सुधारला नाही मी. कुणाचा हात बिघडलाय ते सांगायची आमची पायरी नव्हती. टिप तेवढी नीट ठेवायची. अर्ध्या लोकांचा स्ट्रोक नवी टिप घातली की सुधारायचा.’’

### अण्णांचा हिशेब

आता अण्णांचा तो ऐन वेळी बाहेर सरकणारा हात.

पांढऱ्याला डावी-उजवी फिरकी द्यायची, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत ‘साईड’ मारायची, तर टिप मध्यापासून बाजूला लावावी लागते. मध्यापासून साधारण चौदा मिलिमीटरपर्यंत जाता येतं, त्यापलीकडे टिप घसरते आणि पार्लरभर तो फुसका आवाज होतो. पण साईड मारली की पांढरा क्यूच्या रेषेत जात नाही. उजवीकडे टिप लावली तर तो किंचित डावीकडे फेकला जातो. क्यूचं पुढचं टोक जितकं जड, तितकी ही फेक जास्त. पार्लरचे क्यू जाड आणि बोजड, त्यामुळे फेकही भरपूर.

यावर उपाय दोन. पहिला, नेमच थोडा चुकीचा धरायचा. दुसरा, नेम मध्यावर धरून पुढचा हात तसाच ठेवायचा आणि शेवटच्या घटकेला मागचा हात बाजूला सरकवायचा. क्यू पुढच्या हाताच्या टेकूवर फिरतो, टिप बाजूला लागते आणि क्यूची दिशाही जराशी बदलते. बॉल फेकला जातो त्याच्या उलट दिशेला. टेकूपासून टिपेपर्यंतचं अंतर त्या क्यूला जुळलं तर दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि बॉल नीट रेषेत जातो. अण्णांचा हात वाकडा दिसतो तो या हिशेबामुळे. त्यांनी हिशेब कधी मांडला नसेल, हातानं तो वर्षानुवर्षांत काढला.

हे तपासायची संधी त्याच संध्याकाळी आली. त्या मुलाच्या मित्रानं पुण्याहून कार्बन फायबरचा क्यू आणला होता. पुढचं टोक हलकं, साईड मारली तरी फेक अगदी कमी. सगळ्यांनी आग्रह केला म्हणून अण्णांनी हातात घेतला. पहिला बॉल पॉकेटाच्या कडेला लागून परत आला. दुसरा त्याहून वाईट. तिसऱ्यावर त्यांनी साईड न मारता सरळ मारला, तो गेला. क्यू परत देत म्हणाले, ‘‘काठी लई सरळ हाय तुझी. माझ्या हाताला सोसंना.’’ सगळे हसले. पण फेक नसलेल्या क्यूला फेक भरून काढणारा हात लावला तर बॉल चुकणारच. हात क्यूला बेतलेला होता.

अण्णांचं दुसरं गुपित कॅरममध्ये. चौऱ्याहत्तर सेंटिमीटरचा बोर्ड, पंधरा ग्रॅमपर्यंतचा स्ट्रायकर, आणि तिथं मागे नेण्याचा हातच नाही. कुणी तर्जनीनं टिचकी मारतो, कुणी मधल्या बोटानं, कुणी दोन बोटांची कैची करून. स्ट्रायकर ढकलायचा नाही, मारायचा, हा तिथला नियम. पूलमध्येही टिप बॉलला चिकटवून ढकललं तर फाऊल. गल्लीतल्या दिव्याखाली बोरिक पावडर उडवत वाढलेल्या हाताला झटका शिकवावा लागत नाही, पतला कट आणि कुशनवरून उलटा येणारा कोनही नाही. त्याला शिकावं लागतं ते फक्त उभं राहणं. अण्णा ते पुरतं शिकले नाहीत, म्हणून अजून अर्धेच वाकतात.

माझं मत विचाराल तर नवख्यानं त्या मुलासारखंच शिकावं. कोपर जागेवर, हात सरळ, साईड शक्य तितकी उशिरा. चूक झाली तर ती कुठं झाली ते त्याला सापडतं. वाकडा हात ज्याचा त्यालाच दुरुस्त करता येतो, आणि त्याला वीस वर्षं लागतात. पण ज्याचा हात असा तयार झालाय, त्याला व्हिडिओ दाखवून सरळ करायला जाऊ नये. दोन्हीकडून जाईल.

आणि पार्लरवाल्यांना एक विनंती. नवं टेबल नंतर आणा. आधी त्या भिंतीशी उभ्या असलेल्या क्यूंवर नंबर टाका, वाकलेले बाजूला काढा, टिपा बदला. रोज वेगळा क्यू हातात आला तर कुणाचाच हात कुठल्याच हिशेबाला येत नाही.